बावीस मार्चची तारीख

गिरणी सुरू व्हायच्या आत पोहोचायचं म्हणून आम्ही सकाळी साडेसहालाच घराबाहेर पडलोय. धसईच्या बाजूचं हे गाव अजून पुरतं जागं झालेलं नाही. भातगिरणीचं शटर अर्ध्यावर उचललेलं आहे, आत कोंड्याचा उबट वास आहे आणि दाराशीच पोती मोजायचा लोखंडी काटा. ताई चपला काढते, मोबाइल माझ्या हातात देते, भिंतीला एक हात टेकून काट्यावर चढते आणि मग तो हातही काढून घेते. गिरणीवाले काका पट्टा तपासायला म्हणून आत निघून जातात. आत त्यांचं काही काम नाही हे आम्हा दोघींनाही कळतं, आणि बरं वाटतं. लाल आकडे थोडे हलतात आणि थांबतात. १२१.४.

"गेल्या शनिवारी १२३.९ होतं," ताई म्हणते. "लिही."

मी वहीत लिहिते. घरचा काचेचा काटा १२० किलोच्या पुढे नुसत्या रेघा दाखवतो, म्हणून ही गिरणी. ठाण्याच्या आहारतज्ज्ञ बाईंना दर शनिवारी वजन कळवायचं असतं. आठवडाभर ताईने भाताचं शीत तोंडात घातलेलं नाही. डाळीचं पाणी, ताक, अंड्याचा पांढरा भाग, प्रोटीनची पावडर आणि उकडलेल्या भाज्या. हे वजनासाठी कमी आणि यकृतासाठी जास्त. चरबीने फुगलेलं यकृत जठरावर पसरून बसतं, ते जरा आक्रसलं की दुर्बिणीतून काम करणाऱ्याला खाली जागा मिळते. ताई हे गावातल्या बायकांना इतक्या वेळा समजावून सांगते की आता त्याच तिला सांगतात.

आज शनिवार, ६ मार्च २०२१. सोमवारी २२ तारखेला ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात ताईची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. वय ४१, उंची १५२ सेंटिमीटर, नऊ वर्षांचा मधुमेह, आणि झोपेत श्वास अडकण्याचा आजार. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग टाके मारणाऱ्या यंत्राने कापून काढतात, उरतं ते एका केळ्याएवढं. भूक वाढवणारं संप्रेरक मुख्यतः ज्या भागातून येतं तो भागही त्यातच जातो, त्यामुळे पोट लवकर भरतं आणि साखरही बऱ्याचदा आटोक्यात येते. हे सगळं आमच्या घरात आता पाठ आहे. पाठ नाही ती एकच गोष्ट. राज्यातला कोरोनाचा रोजचा आकडा, जो महिन्यापूर्वी अडीच-तीन हजारांवर उतरला होता, तो काल पुन्हा दहा हजारांच्या वर गेलाय. अमरावतीत टाळेबंदी लागली आहे. अशात ही तारीख पाळायची का?

घरी परतलो तर ताईच्या सासूबाई ओट्यावर बसून आहेत. पिशव्या भरून दाराशी ठेवलेल्या त्यांना दिसताहेत.

"अंगात ताप आहे ना गं तुझ्या?" त्या ताईला विचारतात.

"लशीचा आहे, आई. काल दुसरा डोस घेतला ना."

"लशीचा का कोरोनाचा, कसं कळायचं?"

ताई थर्मामीटर लावते. १००.२. बोटाला ऑक्सिमीटर लावते. ९७. नाडी ९६. सासूबाईंना आकडे दाखवते, आणि त्या मान हलवतात. आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही, पण ते दाखवणाऱ्या सुनेवर आहे. ताई अंगणवाडी सेविका. गेल्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत याच ऑक्सिमीटरने तिने गावातलं आणि वरच्या दोन वाड्यांतलं एकूण एक माणूस तपासलं. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या यादीत अंगणवाडीच्या बाया आल्या म्हणूनच तिला फेब्रुवारीत लस मिळाली. घरात बाकी कुणाला अजून नाही. सासूबाईंचं वय बसतं, साठीच्या पुढच्यांना १ तारखेपासून सुरू झालंय, पण त्या "बघू" म्हणतात.

"आता कशाला चिरफाड गं बाय," त्या माझ्याकडे वळून म्हणतात. "एवढी थांबलीस तर कोरोना जाऊ दे की. ही काय अडलेली बाळंतीण आहे?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो एकट्या सासूबाईंचा नाही. २० मार्च २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सगळ्या रुग्णालयांना सांगितलं की तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकला. खाटा मोकळ्या हव्या होत्या, माणसं हवी होती, आणि ऑपरेशनला आलेला निरोगी माणूस आजार घेऊन घरी जाऊ नये हेही होतंच. जगभरात असंच झालं. पहिल्या लाटेच्या ऐन बारा आठवड्यांत जगात २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील, असा अंदाज शल्यचिकित्सकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने तेव्हा बांधला होता. एवढा मोठा आकडा डोळ्यांसमोर येत नाही. या गल्लीतलं मात्र येतं. पलीकडच्या घरातले आजोबा मोतीबिंदूसाठी थांबलेत आणि आता अंगणातल्या पायरीवर पाय चाचपडत टाकतात. वरच्या वाडीतली एक जण बिनटाक्याच्या ऑपरेशनला नाव लावून बसली होती. शिबिर झालं नाही, आणि आता ती सहा महिन्यांची गरोदर आहे. थांबण्याची किंमत कुणाला ना कुणाला पडतेच, फक्त तिची नोंद कुठल्या बुलेटिनमध्ये येत नाही.

माहेरी निघता निघता ताईची मदतनीस एका मुलाला कडेवर घेऊन येते. अंगणवाडी बंद आहे, पण वजनं घ्यायची थांबवलेली नाहीत. ताई रजेवर जाणार म्हणून हे एक राहिलेलं उरकून घ्यायचं आहे. ओट्याच्या वाशाला झोळीचा काटा अडकवला जातो. पोरगं झोळीत पाय हलवतं आणि रडायला लागतं. ताई बोटाने काट्याची तबकडी स्थिर धरते, वाकून वाचते. वीस महिन्यांचं मूल, ७ किलो ४०० ग्रॅम. ती रजिस्टरमध्ये आकडा भरते आणि त्यापुढे लाल खूण करते. "याला पुढच्या आठवड्यात परत घ्या, आणि आईला सांगा, डाळ पातळ नको करू," ती मदतनिसीला बजावते. मुरबाड आणि शहापूरच्या वाड्यांमध्ये अशा लाल खुणा कमी नाहीत. मुलांची हाडं दिसणाऱ्या गावात स्वतःच्या चरबीसाठी लाखांची शस्त्रक्रिया करून घ्यायची, याची लाज ताईने कितीतरी वर्षं बाळगली. मला ती लाज कधीच पटली नाही. तिचा आजार हा आजार आहे. त्याने तिचे गुडघे नेले, झोप नेली, आता डोळ्यांच्या पडद्यावर साखरेचे डाग दिसू लागलेत.

भावोजी मुरबाड एमआयडीसीत एका कारखान्यात कायम आहेत. तिथल्या गटविम्यात ताईचं नाव आहे. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला विमा मिळतच नाही असं आम्ही समजून होतो, पण विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत वाट आहे. वजन आणि उंचीचा तो निर्देशांक, बीएमआय, ४० किंवा जास्त हवा. किंवा ३५ वा जास्त आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, झोपेतल्या श्वासाचा गंभीर आजार, हृदयविकार असं काही. ताईचा ५२ आहे. मंजुरी आली आहे. पॉलिसी ३१ मार्चला संपते, कारखाना पुढच्या वर्षी कंपनी बदलणार आहे म्हणतात, आणि नव्या पॉलिसीत काय असेल कुणी सांगत नाही. २२ तारखेच्या आग्रहामागे हेही आहे. डॉक्टरांच्या कुठल्याही मार्गदर्शक पत्रकात ३१ मार्च नसतो. आमच्यासारख्यांच्या घरात तो असतो.

गाडी दादा चालवतोय. ताई पुढे बसली आहे, सीटबेल्टला जोडपट्टा लावून. मागे मी, पिशव्या आणि तिचं सीपॅप यंत्र मांडीवर. रात्री नाकावर मुखवटा बांधून हे यंत्र हवा दाबत राहतं, म्हणून घसा मिटत नाही. यंत्र विजेवर चालतं. गावात रात्री वीज गेली की घुरघुर थांबते, मुखवट्यात कोंडल्यासारखं होतं आणि ताई दचकून उठून बसते. भावोजींनी मग इन्व्हर्टर घेतला. पावसाळ्यात तोही पुरला नव्हता.

सरळगावच्या नाक्यावर शनिवारची गर्दी आहे. भाजीवाल्यांचे मास्क हनुवटीवर. आम्ही काचा वर करून किन्हवलीचा रस्ता धरतो. शेतं रिकामी, भाताचे खुंट पिवळे पडलेले, कुठे राब भाजल्याचे काळे चौकोन. पळस फुललाय. ताई दर वर्षी पळस दिसला की गाडी थांबवायला लावते, आज काही बोलत नाही. काळू नदीवरचा पूल ओलांडताना ती एवढंच विचारते, "किती झाले?"

"पस्तीस मिनिटं," मी घड्याळ बघून सांगते.

हा हिशेब ती सकाळपासून ठेवते आहे. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे विलगीकरणात राहायला तिला माहेरी शहापूरला आणायचं ठरलं, ते वरची खोली रिकामी आहे, स्वतंत्र संडास आहे आणि सासरी सात माणसांत कारखान्याची पाळी करून येणारे दोघं आहेत म्हणून. पण शस्त्रक्रियेनंतरचे आठवडेही इथेच काढायचे, हे ताईचं स्वतःचं म्हणणं. धसईहून ठाणं कल्याणमार्गे गेलं तरी दोन-अडीच तास. शहापूर महामार्गावर आहे. रात्री काही झालं तर निम्मा रस्ता आधीच कापलेला असेल.

घरी पोहोचायला एक तास दहा मिनिटं लागतात. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी आहे, पण ओवाळताना ती हात लांब ठेवते आणि मग तिचंच तोंड उतरतं. वर्षभरात आपण एकमेकांना काय काय करायला शिकवलं आहे! ताई सरळ जिना चढते. प्रत्येक चार पायऱ्यांनी थांबते. वर खोलीत गेल्यावर खिडकी उघडते आणि पहिल्यांदा प्लगमध्ये वीज आहे का बघते.

संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल. वरच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून ताई गच्चीत खुर्चीवर आणि मी दहा फुटांवर कठड्याला टेकून. पडद्यावर तीन चौकटी: सर्जन, भूलतज्ज्ञ बाई, आहारतज्ज्ञ बाई. खालून महामार्गाचा आवाज अखंड येतोय.

सर्जन घाई करत नाहीत, हे मला आवडतं. ते आधी वाईट बातमी सांगतात. गेल्या मे महिन्यात 'लॅन्सेट'मध्ये २४ देशांतल्या ११२८ रुग्णांची नोंद आली. शस्त्रक्रियेच्या आगेमागे ज्यांना कोरोना झाला त्यांतले २३.८ टक्के तीस दिवसांत गेले. निम्म्यांच्या फुप्फुसांना काही ना काही झालं. "त्यात तातडीच्या शस्त्रक्रिया जास्त होत्या, म्हातारी माणसं जास्त होती," ते म्हणतात. "तुमचं तसं नाही. पण अंगात विषाणू असताना भूल द्यायची नाही, हे त्यातून सगळे शिकले. म्हणून दोन आठवडे कुणालाही भेटायचं नाही, आणि ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर. पॉझिटिव्ह आला तर निदान सहा-सात आठवडे नाव काढायचं नाही. विमा गेला तरी."

शेवटचे तीन शब्द ते मुद्दाम सावकाश म्हणतात. ताई मान हलवते.

मग ते त्यांच्या बाजूचं सांगतात. कोविडचे रुग्ण वेगळ्या इमारतीत, ये-जा वेगळी. सोबत एकच माणूस, तोही तपासलेला. घशात नळी घालताना खोलीत कमीत कमी माणसं, कारण तेव्हाच सगळ्यात जास्त तुषार उडतात. पोटात भरलेला वायू गाळणीतूनच बाहेर काढायचा. भूलतज्ज्ञ बाई फुप्फुसांचं सांगतात. एवढ्या वजनाचं माणूस उताणं झोपलं की पोट छातीखालच्या पडद्याला वर ढकलतं आणि फुप्फुसांचा तळ नीट फुगत नाही. म्हणून तीन गोळ्यांचं ते फुंकायचं, खरं तर ओढायचं यंत्र आजपासूनच सुरू. "आणि थांबण्यातही धोका आहेच," त्या म्हणतात. "याच कारणामुळे कोरोना झाला तर असे रुग्ण लवकर अतिदक्षता विभागात जातात. वर साखर. वर्षभर आम्ही तेच बघतोय."

म्हणजे सासूबाईंचा प्रश्न आणि या बाईंचं उत्तर दोन्ही खरं आहे. लठ्ठपणाच्या शल्यचिकित्सकांची संघटनाही याच वाटेने गेली आहे. मार्च २०२० मध्ये सगळं थांबवा असा सूर होता. जूनपर्यंत अमेरिकेतली त्यांची संघटना म्हणू लागली की ही शस्त्रक्रिया सौंदर्याची हौस नाही, ती वैद्यकीय गरज आहे, सुरक्षित होईल तिथे सुरू करा. या काळात अशी शस्त्रक्रिया झालेल्या ४२ देशांतल्या ७७०४ रुग्णांची नोंद पुढे जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तीतला तीस दिवसांतला मृत्युदर ०.१४ टक्के निघाला. या गच्चीवर तो आकडा आमच्या हाती नाही. असता तरी माझा पुढचा प्रश्न मी विचारलाच असता.

"डॉक्टर, तीन दिवसांनी ती घरी येईल. समजा सातव्या दिवशी रात्री दम लागला आणि ताप आला. आम्ही काय समजायचं?"

सर्जन थोडे थांबतात. "चांगला प्रश्न आहे," ते म्हणतात, आणि मग पहिल्यांदाच पुढे वाकून बोलतात.

जठराच्या टाक्यांतून गळती झाली तर ताप येतो, नाडी पळते, दम लागतो. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर नाडी पळते आणि दम लागतो. कोरोना झाला तर ताप येतो आणि दम लागतो. तिन्हींचे उपचार पूर्ण वेगळे. पहिल्यात तासातासाला महत्त्व आहे. आणि मार्च २०२१ मध्ये ताप-दम लागलेल्या माणसाला कुठेही नेलं तरी त्याच्या नाकात आधी काडी जाणार. "त्यात कुणाची चूक नाही," ते म्हणतात. "मी त्या दारात उभा असतो तर मीही तेच केलं असतं. पण अहवाल येईपर्यंत तिला तापाच्या रुग्णांत बसवून ठेवलं तर गळतीची वेळ निघून जाईल."

माझ्या मते या सगळ्या चर्चेतला खरा मुद्दा हाच, आणि तो कुठल्याच पत्रकात ठळक नाही. ही शस्त्रक्रिया सुरक्षित आहे का, याचं उत्तर शोधताना सगळे शस्त्रक्रियागृहाकडे बघतात. तिथली काळजी घेणारी शिकलेली माणसं आहेत, गाळण्या आहेत, पोशाख आहेत. ताई तिथे तीन दिवस असेल. त्या तीस दिवसांतले बाकीचे सत्तावीस ती आमच्यात असणार. ठाण्यातल्या माणसाला रिक्षाने पंधरा मिनिटांत परत जाता येतं. इथे १०८ बोलावली तर ती आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात नेणार, आणि तिथे रात्रपाळीला जो असेल त्याच्या पुढ्यात आधीच तापाची रांग असणार. आमच्यासारख्या गावांत शस्त्रक्रिया सुरक्षित करायची तर रुग्ण घरी गेल्यावर त्याच्याकडे कोण बघणार, काय बघणार आणि कुणाला फोन करणार, हे भूल देण्याच्या आधी ठरलं पाहिजे. ते ठरत नसेल तर थांबावं, मग विमा गेला तरी चालेल. हे मी ताईला स्पष्ट सांगितलं आहे.

"नाडी," सर्जन म्हणतात. "ताप फसवतो, ऑक्सिजन उशिरा पडतो. नाडी खोटं बोलत नाही. बसून, दहा मिनिटं शांत राहून, सकाळ-संध्याकाळ-रात्री. १०० च्या वर राहिली तर मला कळवा. १२० गेली तर कळवत बसू नका, गाडी काढा. डाव्या खांद्यात दुखलं तरी तसंच. दम लागला तरी तसंच. रोज पोटात घ्यायचं रक्त पातळ ठेवण्याचं इंजेक्शन चुकवायचं नाही, तासातासाला चालायचं. आणि कंबरेत डायक्लोफिनॅकची सुई कुणाकडून घ्यायची नाही."

ताई हसते. गावात कुठल्याही दुखण्याला तीच सुई असते, हे त्यांना ठाण्यात बसून माहीत आहे.

ते एक पत्र पाठवायचं कबूल करतात, मराठीत आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. फाइलच्या पहिल्या पानावर लावायचं. या रुग्णाचं अमुक तारखेला जठराचं ऑपरेशन झालं आहे. ताप, दम किंवा जलद नाडी असेल तर कोरोनाच्या चाचणीबरोबरच, तिच्या नंतर नव्हे, पोटाचा सीटी स्कॅन करा आणि या क्रमांकावर फोन करा. "बरोबरच" या शब्दाखाली रेघ मारा, असं ताई सांगते. तेही ते लिहून घेतात. १९ तारखेला ते पुन्हा बोलणार. त्या दिवशी त्यांच्या अतिदक्षता विभागात बिगरकोविड खाटा मोकळ्या नसतील, किंवा ठाण्याचा आकडा असाच चढत राहिला, तर ते स्वतःच तारीख रद्द करतील. मला ते ऐकून हायसं वाटतं. ताईला वाटत नाही. कॉल संपल्यावर ती बराच वेळ महामार्गाकडे बघत बसते.

"एक गंमत बघ," मग ती म्हणते, आणि आवाजात गंमत मुळीच नाही. "वर्षभर गावात कुणाला दम लागला तर मला बोलवायचे. मी जायची, बोट धरायची, आकडा बघायची, गाडी मागवायची. आता मी निजले तर कोण बघणार?"

"मी बघीन."

"ये इकडे. तिथूनच बघ. मनगट असं धर."

ती स्वतःच्या मनगटावर तीन बोटं ठेवते, अंगठ्याच्या बाजूला, हाडाच्या आत. मी माझ्या मनगटावर. "अंगठ्याने नाही मोजायची, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. जोरात दाबू नको, हरवते." मला काहीच लागत नाही. मग लागतं. ऑक्सिमीटर आहे की, मी म्हणते. सेल संपले तर, ती म्हणते. नखाला मेंदी असली, बोटं गार पडली तर तो वाटेल ते दाखवतो. मिनिटभर मोजायची, पंधरा सेकंदांची चारपट नाही. मी मोजते: ८४. ती म्हणते चुकलीस, पुन्हा. आईलाही जिन्यात बोलावून घेते. आई पदर सावरून चौथ्या पायरीवर बसते आणि ओठ हलवत मोजते, चाळीसच्या पुढे तिचा हिशेब घसरतो. ताई तिला दहा-दहाचे गट करून बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवते. तिसऱ्या खेपेला आईचा आणि यंत्राचा आकडा दोनच्या फरकाने जुळतो.

खोलीच्या दारावर आतून ती कागद चिकटवते. तारखा, तीन रकाने, नाडी-ताप-ऑक्सिजन. चौथा रकाना लघवीचा, किती वेळा. पाणी पुरेसं जातंय का हे त्यावरून कळतं. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला दीड-दोन लिटर पाणी घोट घोट पोटात जायला हवं, एकदम पिता येत नाही. भातसा, तानसा आणि वैतरणेचं पाणी याच तालुक्यातून मुंबईला जातं आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर मार्चपासून टँकरची वाट बघतात. आमच्या नळाला एक दिवसाआड येतं. दादा खालून दोन जार वर आणून दारात ठेवतो आणि मागे सरकतो.

रात्रीचं जेवण ताई दारातूनच घेते: डाळीचं पाणी आणि वाटीभर दुधी. ताप उतरला आहे, ९८.८. दादा भिवंडीच्या गोदामात कामाला आहे, रोज शंभर माणसांत जातो, म्हणून त्याने दोन आठवडे खालीच झोपायचं आणि जिन्यावर यायचं नाही असं ठरतं. तो जेवून उठतो, गाडीची किल्ली घेतो.

"कुठे आता?" आई विचारते.

"ठाण्याला. बघून येतो किती वेळ लागतो ते."

साडेदहाला तो निघतो. मी वही घेऊन बसते, ताई वर जागी आहे. वासिंद, त्याचा मेसेज येतो. मग पडघ्याचा टोलनाका. मग बराच वेळ काही नाही. अकरा चाळीसला फोन येतो, मागे हॉर्नचा कल्लोळ. मानकोलीला अडकलाय. कंटेनरांच्या तीन रांगा, कुणी हलत नाही. खारेगावचा पूल ओलांडून रुग्णालयाच्या फाटकापाशी पोहोचतो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. एक तास चाळीस मिनिटं. दिवसा तास-सव्वा तासाचा रस्ता.

मी जिन्यात उभी राहून ताईला आकडा सांगते. ती काही क्षण गप्प राहते. मग दाराआडून तिचा तो अंगणवाडीतला, कामाचा आवाज येतो:

"दहानंतर अवजड गाड्या सोडतात ना, म्हणून. दादाला सांग, येताना कल्याणवरून ये, तो रस्ता किती लागतो ते बघ. आणि तिथे तातडीचं दार कुठल्या बाजूला आहे, रात्री उघडं असतं का, तेही विचार. फाटकावरच्या वॉचमनचा नंबर घे."

मी दादाला फोन लावते.